तुलनेच्या गटातला थर्मामीटर

माझ्या आवाजात काहीच नाही, हा शोध माझ्या भाचीने लावला आणि तो तिने मला माझ्याच घरात, माझ्याच हातचा चहा पिता पिता सांगितला.

त्याआधी तिने जे म्हटलं त्याने मी हुरळून गेले होते. "मावशी, मला तुझा आवाज हवाय. रेकॉर्डिंगसाठी. हजार जणांत शोधून सापडायचा नाही असा आवाज आहे तुझा."

माणसाने उभा जन्म प्रयोगशाळेत थर्मामीटर तपासण्यात घालवावा, घरच्या एकाही कार्यक्रमात कुणी त्याला दोन शब्द बोलायला सांगू नये, आणि एका दुपारी असं काही कानावर पडावं. मी खुर्ची पुढे ओढली. बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली.

भाचीला घरात सगळे ठिणगी म्हणतात. लहानपणापासून ती चटकन पेटते. ती मानसशास्त्र शिकते आणि तिचा विषय आहे, तरुण मुलामुलींनी राग, भीती, मत्सर असल्या अवघड भावनांचं करायचं काय. यात कुणी हसण्यासारखं काही नाही. ज्याचा दात दुखतो त्यालाच दंतवैद्याचा पत्ता तोंडपाठ असतो. तर तिने सजगतेचं एक छोटंसं ऑनलाइन प्रशिक्षण तयार केलं होतं. आठवडाभर रोज फोनवर एक रेकॉर्डिंग ऐकायचं. त्यात मधाळ आवाजाची एक शिकलेली बाई सांगते की श्वासाकडे लक्ष द्या, मनात काय उठतंय ते पाहा, त्याच्यापासून पळू नका.

"हे निम्म्या लोकांना," ठिणगी म्हणाली. "उरलेल्या निम्म्यांना तेवढंच लांब, तेवढंच संथ, पण काडीचा उपयोग नाही असं काहीतरी ऐकवायचं. मग दोन्ही गटांची तुलना करायची."

"आणि मी मधाळ बाईच्या जागी?"

"नाही गं. तू काडीचा उपयोग नसलेल्या... म्हणजे दुसऱ्या. तुलनेच्या गटाला. तुझ्या आवाजात काहीच नाही ना. चढ नाही, उतार नाही. विषयही तुझाच घे. थर्मामीटर. त्यापेक्षा कंटाळवाणं काय असणार?"

विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून मला हे तत्काळ पटलं. तुलनेचा गट नसेल तर प्रयोगाला अर्थ नसतो, हे मी स्वतः कितीतरी जणांना सुनावलेलं आहे. मावशी म्हणून मी बिस्किटांची बशी परत माझ्याकडे ओढली.

पण नाही म्हणणं शक्य नव्हतं. ठिणगीचा आधीचा प्रकल्प तिच्या मार्गदर्शक मॅडमनी नापास केला होता. तेव्हा तिच्या बाबांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, सुस्कारा सोडून म्हटलं होतं, "टाइल्सचं दुकान आहेच." ठिणगी त्यावर फाडकन म्हणाली होती, "हाही प्रकल्प पडला तर येऊन बसते तुमच्या दुकानात, जन्मभर." रागात बोललेलं कुणी धरून बसू नये. भाऊजी धरून बसले. दुकानात गल्ल्याशेजारी एक नवी खुर्ची आली, तिच्यावर निळी उशीही आली. ठिणगीने ती उशी पाहिली त्या दिवसापासून तिला नीट जेवण जाईना.

तर मी कंटाळवाणं लिहायला बसले. वाटतं तितकं सोपं नाही ते. पहिल्या खर्ड्यात मी काचेच्या नळ्या धुण्याची रीत लिहिली आणि ह्यांना वाचून दाखवली. हे दुसऱ्या वाक्याला घोरायला लागले. मला आनंद झाला, पण तो टिकला नाही, कारण हे बातम्यांनाही घोरतात आणि भूकंपाच्या सूचनेलाही घोरले होते. जे उपकरण सगळीकडे एकच आकडा दाखवतं ते बिघडलेलं असतं. त्याच्यावर विसंबून चालत नाही.

शेवटी मी साधं ठरवलं. थर्मामीटर कसा तपासतात तेवढंच सांगायचं. दवाखान्यांचे, बेकऱ्यांचे, शीतगृहांचे थर्मामीटर आमच्याकडे येतात. त्यांना चुरलेल्या बर्फाच्या पाण्यात उभं करायचं आणि थांबायचं. मी लिहिलं: आकडा हलतो. हलू द्या. त्याला घाई करू नका, तो आपोआप एका जागी येतो. आता आकडा चुकीचा दिसला तरी लगेच दुरुस्तीला हात घालू नका. आधी आला तसा आकडा लिहून घ्या. कारण आधीच दुरुस्त केलात, तर हा इतके दिवस किती खोटं सांगत होता ते कधीच कळणार नाही. थर्मामीटरवर रागावू नका. तो ज्या गरमीतून आला आहे तीच तो सांगतो आहे.

शेवटचं वाक्य काटेकोर शास्त्रीय नाही. ते कसं आलं मला माहीत नाही. लिहिता लिहिता मला जरा भरून आलं होतं.

आवाज घुमू नये म्हणून मी कपड्यांच्या कपाटात डोकं घालून ते रेकॉर्ड केलं, ह्यांच्या कोटांना उद्देशून. ठिणगीने ते ऐकलं आणि मला मिठी मारली. "मावशी, इतकं कंटाळवाणं मी आयुष्यात ऐकलं नाही."

याच्या पुढचा मुक्काम कॉलेजची नीतिसमिती. माणसांवर प्रयोग करायचा तर तिची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. मधाळ बाईचं रेकॉर्डिंग समितीने न ऐकता मंजूर केलं. माझं परत पाठवलं. सहभागींना कंटाळा अनावर झाल्यास काय व्यवस्था केली आहे, अशी विचारणा होती. बर्फाचा उल्लेख असल्यामुळे कुणी घरी बर्फात हात घालून बसल्यास जबाबदारी कोणाची, हेही विचारलं होतं. मी दोन्हींची सविस्तर उत्तरं दिली. मग समितीच्या कारकुनाने फोन केला.

"बाई, अजून एक राहिलंय. तुमच्या मजकुराचा कुणालाही कसलाही लाभ होणार नाही, असं प्रमाणपत्र लागेल. तुमच्या सहीचं."

"लाभ होणार नाही?"

"हो. झाला तर तुलना कशाशी करणार? तुम्ही शास्त्रातल्या आहात, तुम्हाला कळेलच."

मला कळत होतं, हेच तर दुःख होतं. आजवर मी कितीतरी प्रमाणपत्रांवर सह्या केल्या आहेत आणि त्यांतलं एकही चुकीचं निघालेलं नाही. लोक सोनंनाणं मिरवतात, मी हे मिरवते, तेही मनातल्या मनात. त्याच हाताने मी कॉलेजात जाऊन लिहून दिलं की प्रस्तुत मजकुरापासून कोणालाही, कोणत्याही प्रकारचा लाभ संभवत नाही. सही करताना पेन अडलं. कारकून म्हणाला, "दुसरं देऊ का?"

कॉलेजात पुरेशी मुलं मिळेनात, तेव्हा मी आमच्या इमारतीत सूचना लावायचं ठरवलं. आमचे सेक्रेटरी सूचनाफलकाला स्वतःच्या मालकीची जमीन समजतात. त्यांनी कागद वरून खाली वाचला, खालून वर वाचला आणि म्हणाले, "भावना वगैरे ठीक आहे, पण पाण्याच्या टाकीच्या सूचनेच्या वर नको." शेवटी टाकीच्या खाली, कोपऱ्यात, भावनांना जागा मिळाली.

संध्याकाळपर्यंत दारात रांग. तरुण मुलं एकही नाही, सगळ्या त्यांच्या आया. सगळ्यांत पुढे समोरच्या वहिनी. त्यांचा मुलगा नुकताच नोकरीला लागला होता. साहेबाशी भांडून घरी आला की दार असं आपटायचा की आमच्या भिंतीवरचं घड्याळ पुढे जायचं.

"आमच्याला घ्याच," वहिनी म्हणाल्या. "आणि चांगल्या गटात घ्या."

"गट संगणक ठरवतो, वहिनी. माझ्या हातात काही नसतं."

"अहो, शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही? संगणकाला सांगा."

कुणाला कोणता गट मिळाला ते सांगायचं नसतं. सहभागींनी आपसांत बोलू नये, अशी अटही होती. ती सगळ्यांनी वाचली, त्याखाली सही केली आणि लिफ्टमध्ये शिरताच मोडली. दुसऱ्या दिवशी वहिनी पुन्हा दारात.

"तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला घंटा किणकिणतात. बाई 'प्रिय मना' म्हणते. आणि आमच्या मुलाला बर्फ? का म्हणून? आणि काय ती बाई. वीज मंडळाच्या फोनवर बोलते तशी. घरात कुणी बोलत नसणार तिच्याशी."

इमारतीत इतकी वर्षं राहून कुणीही माझा आवाज ओळखला नव्हता. प्रयोगाच्या दृष्टीने हे फार चांगलं होतं. मी म्हटलं, "असेल बिचारी." वहिनींनी जाताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिच्यात वर्षानुवर्षं एकमेकींच्या घरच्या चाव्या सांभाळल्याचा मागमूस नव्हता.

आणि मग ते झालं. दोनतीन दिवसांनी मी संध्याकाळी भाजी निवडत होते. जिन्यात समोरच्या मुलाचे बूट वाजले. मी सवयीने घड्याळाला हात लावला. बूट थांबले. बराच वेळ काहीच नाही. मग दार लागलं. आपटलं नाही, लागलं. दाराने लागावं तसं.

हा मुलगा माझ्या गटातला.

योगायोग असेल, मी स्वतःला समजावलं. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. दुसरं निरीक्षण लिफ्टमध्ये झालं. दोन बहिणी होत्या. धाकटी थोरलीला फाडफाड बोलणार, तेवढ्यात थांबली आणि डोळे मिटून म्हणाली, "थांब. आधी आला तसा आकडा. राग. पुष्कळ. अजून हलतोय." त्यांचा मजला आला. धाकटी म्हणाली, "आता बसला. तू माझा ड्रेस विचारून घ्यायचा होतास." थोरली म्हणाली, "हो, चुकलं." मी माझ्या मजल्यावर उतरायची विसरले आणि गच्चीपर्यंत गेले.

गच्चीत कुणी नव्हतं ते बरं झालं. मी तिथे चक्क एक गिरकी घेतली. मग प्रमाणपत्र आठवलं आणि होते तिथेच उभी राहिले. कुणालाही, कोणत्याही प्रकारचा.

पुढे पुढे तर आवरणंच कठीण झालं. तिसऱ्या मजल्यावरची घंटावाली मुलगी चोरून बर्फ ऐकायला लागली. तिचं म्हणणं, मधाळ बाईचंही बरं आहे, पण 'प्रिय मना' म्हटलं की मन लाजतं. सेक्रेटरींच्या मुलीने ते बापाला ऐकवलं, आणि त्या रविवारी टाकीच्या गळतीवरची सभा इमारतीच्या इतिहासात पहिल्यांदा खुर्ची न उचलता पार पडली. मध्येच सेक्रेटरी म्हणाले, "दुरुस्तीला नंतर हात घालू. आधी गळतेय किती ते आलं तसं लिहून घेऊ." मी खाली मान घालून पदराशी चाळा करत बसले. वहिनी माझ्या शेजारी येऊन बसल्या. "ती बर्फवाली बाई," त्या कुजबुजल्या, "तुमच्या ओळखीची आहे का हो? तिला एकदा जेवायला बोलवायचंय."

मला सांगायचा मोह किती झाला ते मी आला तसा लिहून ठेवते. पुष्कळ झाला.

सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी ठिणगी लॅपटॉप छातीशी धरून आली. चपलाही काढल्या नाहीत.

"मावशी, तू काय करून ठेवलंस?"

तिने पडदा माझ्यासमोर धरला. मधाळ बाईचा गट सुधारला होता. माझा गटही सुधारला होता, किंचित जास्तच. दोन्ही रेषा हातात हात घालून वर चालल्या होत्या. माझ्यातल्या एका भागाला त्या दोन रेषा फ्रेम करून लावाव्याशा वाटल्या.

"फरकच नाही," ती म्हणाली. "फरक नाही म्हणजे माझं प्रशिक्षण तुझ्या थर्मामीटरइतकंच. मॅडम म्हणणार, तुमचं काही सिद्ध होत नाही. बाबांनी त्या खुर्चीला आता चाकंसुद्धा लावलीत. तुला कंटाळवाणं करायला सांगितलं होतं ना? एवढं एक काम."

"मी प्रयत्न केला गं."

"तुमची इमारत काढून टाकते." तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला. "फक्त कॉलेजची मुलं ठेवली तर फरक दिसतो. मी पाहिलंय. एक ओळ पुसायची. कुणाला कळणार आहे?"

इथे मी काहीतरी थोर बोलायला हवं होतं. मला ते सुचलं नाही. उलट, इमारत गेली तर माझं प्रमाणपत्रही खरं ठरेल, हा विचार आधी आला आणि मला माझीच लाज वाटली. तिचं बोट बटणावर होतं. निळी उशी आम्हा दोघींनाही दिसत होती. मी तिच्या स्फोटाची वाट पाहत दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. हे आत घोरत होते.

बोट हललं नाही.

"थांब," ती स्वतःलाच म्हणाली. माझं रेकॉर्डिंग कापताना, जोडताना तिने ते इतक्या वेळा ऐकलं होतं की माझी संथ लयसुद्धा तिच्या आवाजात उतरली होती. "राग. पुष्कळ. हलतोय." आम्ही थांबलो. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते तिने वाहू दिलं. "राग नाहीये हा. वरवर आहे. खाली भीती आहे. दुकानाची नाही. मी परत नापास होईन, त्याची."

मग तिने बोट उचललं आणि लॅपटॉप मिटला.

"इमारत राहील. आकडा आला तसाच जाईल. चहा कर."

मी चहा केला. बिस्किटांचा अख्खा पुडा काढला.

दुसऱ्या दिवशी मीही कॉलेजात हजर होते, कारण बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रमाणपत्र देणाऱ्या बाईंना बोलावलं होतं. दालनात मार्गदर्शक मॅडम ओठ मिटून बसल्या होत्या. ठिणगीने सगळं सांगितलं. रेषा दाखवल्या, लिफ्टमध्ये मोडलेली अट सांगितली, चोरून बर्फ ऐकणारेही सांगितले. एकही आकडा तिने लपवला नाही. परीक्षकांनी माझा कागद उचलला.

"कोणालाही, कोणत्याही प्रकारचा लाभ संभवत नाही. सही तुमची?"

"माझीच," मी उभी राहिले. "हे प्रमाणपत्र चुकीचं आहे. आमच्या प्रयोगशाळेत चुकीचं प्रमाणपत्र निघालं तर ते लेखी मागे घेतात. मी मागे घ्यायला आले आहे." आणि मी पर्समधून दुसरा कागद काढून टेबलावर ठेवला. आयुष्यातलं माझं हे पहिलं चुकीचं प्रमाणपत्र. हात थरथरायला हवा होता. मला तर नाचावंसं वाटत होतं.

परीक्षकांनी रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. ह्यांच्या कोटांना सांगितलेलं सगळं त्या दालनाने ऐकलं. 'तो ज्या गरमीतून आला आहे तीच तो सांगतो आहे' यावर मार्गदर्शक मॅडमचे मिटलेले ओठ सुटले.

"हे तुलनेचं रेकॉर्डिंग नाहीच," त्या ठिणगीला म्हणाल्या. "तू दोन्ही गटांना सजगताच शिकवलीस. दोन वाटांनी. आणि दोन्ही वाटा पोचल्या. हे अहवालात असंच लिही."

"पास?" ठिणगीने विचारलं.

"पास," परीक्षक म्हणाले. "पण पुढच्या वेळी खरंच कंटाळवाणा माणूस शोधा."

बाहेर व्हरांड्यात भाऊजी उभे होते. मुलीला हात धरून दुकानात न्यायला आले आहेत असंच मला वाटलं. ठिणगीने निकाल सांगितला, पुढच्या वेळच्या कंटाळवाण्या माणसाची अटही सांगितली.

"मग मी बोलतो की," भाऊजी म्हणाले. "टाइल्सवर. माझं घरात कोण ऐकतं? माझ्याइतका कंटाळवाणा माणूस मिळायचा नाही तुम्हाला." आणि त्यांनी तळहात पसरून सुरुवात केली. "टाइल बसवायच्या आधी ती अशी हातावर घ्यायची. बोटाने वाजवायची. चांगली टाइल सांगते, मी भरलेली आहे. तडा असला तर तेही सांगते. ती कधी लपवत नाही. आपणच कान देत नाही."

व्हरांड्यातून जाणारी दोन मुलं थांबली. दारातून बाहेर पडणारे परीक्षकही थांबले. ठिणगी बापाच्या रिकाम्या तळहाताकडे बघत राहिली, जणू त्यावर खरंच काही ठेवलेलं आहे.

"नाही बाबा," ती म्हणाली. "तुम्ही नाही चालणार."

भाऊजींचा चेहरा पडला. मला त्यांची अवस्था अगदी आतून कळली. "वाईट वाटलं का भाऊजी?" मी विचारलं.

"वाटलं थोडं, मेहुणीबाई," ते म्हणाले. डोळे मिटून जरा वेळ थांबले. "अजून हलतंय."

मी आणि ठिणगी एकमेकींकडे पाहायला लागलो.

"बाबा, तुम्हाला हे कुणी दिलं?"

"तुझ्या आईच्या फोनवर आलं होतं." भाऊजी मुलीकडे न बघता हात झटकत होते, टाइलची धूळ झटकावी तसे. "दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं. तुझ्या त्या खुर्चीवर बसतो आणि ऐकतो. तू काही यायची नाहीस. तेही लिहून घेतलंय, आलं तसं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई कोण आहे माहीत नाही, पण आवाज फार चांगला आहे हो."